पिसं काढून ये

नांदेड
१० फेब्रुवारी १९७४

केरबा,

अनेक आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. लिहिले असं समज.

तुझा सिनेमा परवा इथल्या टॉकीजला लागला. हॉस्टेलच्या मुलींबरोबर मी पाहिला. तू मेलास. हीरोने तुझ्याकडे न बघताच गोळी झाडली आणि तू झाडावरून पडलास. माझ्या बाजूच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. बाबांना हे कळवलेलं नाही. केरबा झाडावर चढलेला दिसला, तब्येत बरी वाटली, एवढंच लिहिलं आहे.

आईला पाठवलेल्या कार्डात तू त्या शूटिंगला 'माझी सुरुवात' म्हणाला आहेस. म्हणून ती सुरुवात कशी होती ते एकदा लिहून ठेवते, मुंबईच्या हवेत विसरशील.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. घरचे सगळे रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते आणि कामावर मिळणारी सरकारी सुकडी खाऊन निजत होते. मी नांदेडच्या हॉस्टेलातून सुट्टीला आले होते, तर मलाही हातोडी मिळाली. अशात ही मंडळी इस्लापूरला उतरली, सहस्रकुंडाचा धबधबा बघून. धबधबा कुठला? काळ्या खडकावरून लाळ गळत होती. डायरेक्टर म्हणाला, पाणी चालू करा. कुणाला सांगत होता कुणास ठाऊक, बहुतेक कलेक्टरला. मग त्यांनी इंजिनं लावून खालच्या डोहातलं पाणी वर चढवलं आणि वरून सोडलं. त्या डोहावर आपल्यासारखी तीन गावं पाणी भरत होती. हीरोईन भिजून गाणं म्हणाली आणि बायांच्या घागरीत गाळ आला. आई तक्रार घेऊन गेली तर तिच्या हातावर बिस्किटाचा पुडा ठेवला.

मग त्यांना आदिवासी हवे होते. डायरेक्टरने बाबांकडे बघितलं. धोतर, बंडी, डोक्याला मळकं मुंडासं.

"आदिवासी कुठं आहेत?"

"आमीच," बाबा म्हणाले.

"तुम्ही नाही हो. आदिवासी."

"आमी आंध हाव, साहेब. पल्याड कोलाम हायत, गोंड हायत. त्ये बी आमच्यावानीच दिसत्यात."

त्या माणसाचा चेहरा असा पडला, जणू बाबांनी त्याला फसवलं. मग पेटी उघडली. कोंबडीची रंगवलेली पिसं, ठिपक्यांचं कापड, हाडांच्या माळा. आणि बूटपॉलिश. म्हणजे आपण काळे कमी पडलो होतो. मला मागच्या रांगेत नाचवलं. बाबांना हीरोईनसमोर उभं केलं, तिला खांबाला बांधलेलं होतं, आणि सांगितलं की तुमच्या भाषेत काहीही बोला. बाबा तिला म्हणाले, "बाई, उन्हात नका हुबं राहू, भवळ येईल."

सिनेमात बाबांचं तोंड हलतं आणि आवाज येतो, "हुर्रा गुम्बा! हुर्रा गुम्बा!" दात विचकून. मागून हिंदीत कुणीतरी सांगतं, बळी मागतोय.

बाहेर आल्यावर माझ्या खोलीतली शिवकांता, उदगीरची, कापड दुकानदाराची मुलगी, मनाने वाईट नाही, ती म्हणाली, "तू खरंच त्यातली? मग तुला मराठी कसं येतं गं?"

मी तिला सांगितलं, आईच्या पोटातून आलं. ती ओशाळली. पण टॉकीजात बसलेले बाकीचे ओशाळले नाहीत, आणि त्यांना मी एकेकाला कुठे भेटणार? तर आता मी हेच शिकणार आहे. हे धंदे कोण करतं, का करतं, कोण बघतं. सगळ्यांना एकदा उघडं पाडणार आहे.

त्या मंडळींबरोबर मुंबईला गेलास, आता परत ये. आदिलाबादची गाडी वाजली की बाबा बाजेवर उठून बसतात.

पंचफुला


नांदेड
१९ जून १९७७

केरबा,

मुंबईत तुला शेवटचं जे बोलले त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. हे पत्र त्याच्या पुढचं आहे.

मी का आले होते ते तू विचारलं नाहीस, म्हणून सांगते. पीएच.डी.ला नाव घातलं आहे. विषय, नाटक-सिनेमातले आदिवासी. माझ्या मार्गदर्शकांना विषय पसंत नव्हता. ते म्हणाले, "बाई, तुम्ही आतल्या आहात. तुम्ही लोकगीतं गोळा करा. टीका करायला बाहेरचा माणूस लागतो." त्यांना कोणी सांगितलं होतं की आदिवासी बाईला गाणी आपोआप येतात. मी म्हटलं, सर, मला गाता येत नाही, मी वाचते. त्यावर ते इतके खजील झाले की सही करून मोकळे झाले. चांगल्या माणसांचा हाच एक उपयोग असतो.

मग मुंबईत त्या सिनेमाच्या लेखकाला गाठलं. गादीवर लोळत होता. मी विचारलं, तुम्ही कधी किनवटकडे गेला होतात? म्हणाला, "जायचं कशाला? जंगल म्हणजे जंगल." मी म्हटलं, तिथली माणसं मराठी बोलतात. तर हा म्हणतो, "अहो, खरे दाखवले तर तिकीट कोण काढील?" वर माझ्याकडे निरखून बघून म्हणाला, तुमचा चेहरा वेगळा आहे, आईची कामं कराल का? डाकूच्या आईची.

तिथून तुझ्याकडे आले. स्टुडिओच्या मागे पत्र्याखाली तुम्ही सगळे एक्स्ट्रा बसला होतात. तुमचा ठेकेदार ओरडला, "ए जंगली, तुझी बहीण आलीय." आणि तू हसत उठलास. त्या हाकेला उठलास, हे मला दिसलं, केरबा.

तू काय म्हणालास ते आठवतं. "अक्का, हितं समद्यालाच कायतरी म्हणत्यात. त्यो बघ, त्याला मुडदा म्हणत्यात. त्यो मढ्याचंच काम करतो."

मी म्हटलं, लाज वाटत नाही?

"हितं रोज मरतो आन् संध्याकाळी उठून जेवतो. तिकडं खरंच मरत व्हतो. तू हॉस्टेलात व्हतीस, सरकारी भाकर खात व्हतीस. मला कोण इच्यारलं?"

यावर मी जे बोलले ते तुला ठाऊक आहे. लिहून ठेवत नाही. पण तू मला चहा पाजायला निघाला होतास आणि मी तशीच स्टेशनवर गेले, ते बरोबरच केलं. त्या पत्र्याखाली बसून मी चहा प्यायला तयार नव्हते.

पंचफुला


लातूर
११ जानेवारी १९८१

केरबा,

मी आता इथल्या कॉलेजात शिकवते, आईने सांगितलं असेल. लातूर म्हणजे आडत, डाळीच्या गिरण्या आणि दर चौकात एक वक्ता. माझं पुस्तक आलं आहे. पुण्याच्या एका मासिकाने 'निर्भीड' म्हटलं, दुसऱ्याने 'कडवट' म्हटलं. दोघांनीही वाचलेलं नाही, हे दोन्ही परीक्षणांवरून कळतं. एक प्रत बाबांसाठी पोस्टाने पाठवली आहे.

अजून एक. शाळेच्या वाचनमालेत आदिवासींचा एक धडा होता, वर भालेवाल्याचं चित्र, डोक्यात पीस. दोन वर्षं पत्रं लिहून, पुण्याला खेटे घालून मी ते चित्र वगळायला लावलं. नवीन पुस्तक बघितलं. चित्र नाही. धडाही नाही. आता मुलांना वाटेल, असे कोणी लोकच नाहीत. मी जाब विचारला तर साहेब म्हणाले, "तुमचीच हरकत होती ना?"

असल्या लोकांशी मी भांडत असताना तू काय करतोस? गावी आलास, मला आनंद झाला. मग कळलं की पेटी घेऊन आलास. तीच पिसांची पेटी, मुंबईहून विकत घेतलेली. आणि आता 'सहस्रकुंड वनवासी नृत्य पथक' काढलं आहेस. मंत्री किनवटला आला की पिसं, माहूरच्या यात्रेत पिसं, साहेबाची बदली झाली तरी पिसं. बाबांनाही लावलीस म्हणे.

गोंड लोक घुसाडी नाचात मोरपिसांचा टोप घालतात, तो देवाचा असतो, त्याला हात लावायचे नियम असतात. तुझी पिसं कोंबडीची आहेत. आपल्याकडे दिवाळीत दंडार होते. ढोलकी, टाळ, साध्या धोतरातली माणसं, सोंगं, रात्रभर हसणं. ती काय वाईट होती? ती दाखवायची लाज वाटते आणि हाडांच्या माळा घालायची वाटत नाही?

त्या लेखकाने निदान तुला कधी बघितलं नव्हतं. तू तर आरशात बघतोस.

पंचफुला


लातूर
३० जुलै १९८२

केरबा,

लातूर जिल्हा होतो आहे. गावाला वेड लागलंय. ज्या दुकानावर काल 'जि. उस्मानाबाद' होतं तिथे आज ओला रंग आहे. ज्यांना तालुक्याच्या कचेरीत कोणी खुर्ची देत नव्हतं ते आता जिल्ह्याच्या गोष्टी करतात.

इथल्या नागरिकांनी समारंभासाठी एक स्वागत समिती काढली आहे. त्यात मलाही घेतलं, कारण एक बाई हवी होती आणि एक मागास हवा होता, आणि माझ्यात दोन्ही जमलं. सांस्कृतिक कार्यक्रम किशनरावांकडे आहेत. हे गृहस्थ सरकीचे व्यापारी, आणि तबला वाजवतात म्हणून कलावंत. ते म्हणाले, जिल्हा झाला म्हणजे आदिवासी नृत्य लागतंच. लातुरात आदिवासी कुठले, म्हणून नांदेडहून मागवायचे, अर्धापूरची केळी मागवावीत तसे. आणि त्यांच्या हातात तुझा अर्ज होता. फोटोसकट.

मी तो अर्ज फेटाळायला लावला. तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. समितीपुढे अर्धा तास बोलले. हा नाच आमचा नाही, सिनेमातून आलेला आहे, पुस्तकातलं पान उघडून दाखवलं. मी म्हटलं, बोलवायचंच तर दंडार बोलवा. किशनराव म्हणाले, "त्यात बघायला काय असतं? धोतर तर आम्हीपण नेसतो."

तरी मी तुझ्यासाठी जागा राखून ठेवली आहे. पिसं काढून ये. दंडार घेऊन ये. नाही तर येऊ नको.

पंचफुला


इस्लापूर
८ ऑगस्ट १९८२

अक्कास केरबाचा नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. समितीचं बी मिळालं. आमी येत न्हाई.

दंडार आणा म्हणतीस. दंडार दिवाळीत आसती. तव्हा पीक घरात आसतं, मानसं गावात आसत्यात. ह्या दिवसात कोण करील? पथकातली निम्मी मानसं तुझा कागद आल्याव आदिलाबादकडं कामाला गेली. लातूरचा कारेक्रम हाय म्हणून थांबली व्हती. तुला दोष देऊन न्हाई राहिलो, काय झालं त्ये सांगून राहिलो.

पिसं कोंबडीची हायत, मला मालूम हाय. मीच रंगवतो. अक्का, लोकं ज्ये मागत्यात त्ये मी इकतो. किशनरावबी सरकीच इकतो, सोनं म्हणून न्हाई इकत. मी बी कदी देवाचं म्हणून इकलं न्हाई.

आता पुस्तकाचं. त्ये आलं तव्हा बाबांनी मला वाचाया बसवलं. रोज थोडं वाचलं. लई कठीन हाय. शूटिंगचं पान आलं. तू लिवलंस, 'चित्रीकरणात सहभागी झालेल्या एका वृद्ध आंध पुरुषाने सांगितले की'. फुडं त्ये उन्हाचं आन् भवळ यायचं.

बाबा म्हणले, "ह्यो म्हातारा कोण?"

मी म्हणलो, तुमीच.

"मंग नाव?"

न्हाई टाकलं.

बाबांनी पुस्तक हातात घिऊन त्ये पान पाह्यलं. मंग म्हणले, इसरली आसंल, लई अब्यास आसतो. आन् मला म्हणले, फुडं वाच.

डायरेक्टरचं नाव हाय. हीरोईनीचं हाय. बूटपालिश लावणाऱ्याचं सुदीक हाय. सिनेमाच्या पाट्यात आपलं नाव नव्हतं, मी लई येळा बघितला, नव्हतंच. तुझ्या पुस्तकात बी न्हाई. आन् बाबा तव्हा म्हातारे बी नव्हते.

आईचं गुडघं दुखतंय. बाकी ठीक.

केरबा


लातूर
२४ ऑगस्ट १९८२

केरबा,

पुस्तकाबद्दल तू जे लिहिलंस त्याला उत्तर देत नाही. संशोधनात माहिती देणाऱ्याचं नाव न घालण्याची पद्धत असते. त्याला कारणं असतात. ती मी वर्गात सांगते. तुला सांगायला बसले तर सुचत नाहीत, म्हणून सोडून देते.

समारंभ झाला. तू आला नाहीस ते बरं झालं की वाईट ते तू ठरव.

मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. भाषणं झाली. मग पडदा वर गेला आणि किशनरावांच्या पुतणीच्या क्लासमधल्या मुली आल्या. गोऱ्या गोऱ्या, डॉक्टर-वकिलांच्या. अंगावर ठिपक्यांचं कापड, डोक्यात पिसं, हातात पुठ्ठ्याचे भाले. तोंडाला काजळ फासलं होतं, ते मानेपाशी संपत होतं. त्या गोल फिरल्या आणि ओरडल्या. काय ओरडल्या ते लिहीत नाही, तुला पाठ आहे.

म्हणजे माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणातून त्यांना एवढंच कळलं की केरबा नको. पिसं नकोत हे कुणाच्या डोक्यातच शिरलं नाही.

हे इथे थांबलं नाही. माइकवरचा माणूस म्हणाला, "हे अस्सल आदिवासी नृत्य बसवलं आहे आपल्या जिल्ह्याच्या विदुषी डॉ. पंचफुला बुरकुले यांच्या मार्गदर्शनाखाली." लोक माझ्याकडे वळून टाळ्या वाजवायला लागले.

मी उठले आणि स्टेजवर गेले. मुली नाचत होत्या, मला वाट देऊन नाचत राहिल्या. मी माइक घेतला आणि म्हटलं, हे खोटं आहे. मी आंध आहे. माझे आईवडील आंध आहेत. आम्ही असे कपडे घालत नाही, असं ओरडत नाही, आम्ही तुमच्याचसारखं बोलतो. तुम्ही हे सिनेमात बघितलं आहे, आणि त्या सिनेमावाल्यांनी कुठेच बघितलेलं नाही.

मग पुन्हा टाळ्या. लोकांना वाटलं, हे नृत्याबरोबरचं निवेदन आहे. किशनरावांनी मला हार घातला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही आधी सांगितलं असतं तर मागे म्युझिक दिलं असतं." खाली उतरले तर एक बाई कौतुकाने म्हणाली, "मराठी किती शुद्ध हो तुमचं."

घरी येऊन हार मोरीत टाकला.

एक खरं सांगते. त्या मुली तुझ्याइतक्या चांगल्या नाचत नव्हत्या. तू झाडावरून पडलास ते तरी मनापासून पडला होतास.

आईच्या गुडघ्याला इथलं तेल पाठवते आहे.

पंचफुला


लातूर
२५ नोव्हेंबर १९८२

केरबा,

आईने निरोप धाडला म्हणून दिवाळीला आले. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने परत आले. तुझ्याशी बोलले नाही. तू झोपला होतास, आणि उठला असतास तरी बोलले नसते.

आधी कामाचं. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. प्रकाशकाला दुरुस्ती पाठवली आहे. 'एक वृद्ध आंध पुरुष' काढून मी 'ज्ञानोबा' लिहिलं होतं. मग खोडलं. त्यांना जन्मात कोणी ज्ञानोबा म्हटलेलं नाही. 'ग्यानोबा बुरकुले' असं घातलं आहे. त्यांना चालेल का विचार. आईचं नाव डोहाच्या पानावर घातलं आहे, धुरपताबाई. तुझंही आहे.

आता दंडारीचं.

दिवस मावळला तसे तुम्ही सुरू झालात. मी आईजवळ बायकांत बसले होते. ढोलकी ऐकून बरं वाटलं, खोटं का बोलू. पिसं नव्हती. मनात म्हटलं, शेवटी माझं ऐकलंस.

आणि मग तू आलास. आईचं लुगडं, तारेचा चष्मा, काखेत पर्स. टाचा उचलत चाललास. बाबा खडी फोडायचं सोंग करत बसले होते, त्यांच्यापुढे जाऊन नाकातून म्हणालास, "वृद्ध पुरुषा, तुझ्या भावना काय आहेत?"

बाबा म्हणाले, "बाई, आदी चहा घ्या."

"चहा नको. भावना सांगा."

"साखर संपली का काय, आतून इच्यारून येतो."

"थांबा. तुम्ही आत्ता जे बोललात ते तुमच्या लोकांत किती वर्षांपासून बोलतात?"

सगळं गाव लोटपोट झालं. लहान पोरंसुद्धा माझ्याकडे बोट दाखवत होती. बाबांना स्वतःलाच हसू आवरेना, हातोडी खाली पडली.

मला काही गोष्टी स्पष्ट करायच्या आहेत. मी नाकात बोलत नाही. माझा चष्मा तसा नाही. टाचा उचलून चालणारी बाई मी लातुरातही बघितलेली नाही, ती तू मुंबईच्या स्टुडिओतून आणली आहेस. 'भावना' हा शब्द मी सगळ्या पुस्तकात कुठेच वापरलेला नाही, हवं तर तपास. म्हणजे मी आयुष्यभर ज्याच्याशी भांडले तेच तू माझ्यावर केलंस, आणि माझ्याच आईचं लुगडं नेसून केलंस.

मी उठले. तुला पुढून दिसलं नसेल, तोंडावर बत्ती होती. लुगड्या-साड्यांच्या गर्दीतून वाट काढायला लागले. गावच्या बाया हसता हसता पाय आवरून वाट देऊ लागल्या. त्यांना वाटलं, आता ही जाते, आता पुन्हा येत नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

आईने माझा पदर धरला. वर बघितलंसुद्धा नाही. तिचे डोळे तुमच्या दोघांवर होते, गालावर हसण्याचं पाणी.

"बस," ती म्हणाली. "तुझं सोंग आजून सरलं न्हाई."

मी बसले.

अक्का